फोटो फिरवताना दर्जा कसा राखला

आडवे आलेले जेपेग फोटो साध्या एडिटरमध्ये उभे करून सेव्ह केले, की ते पुन्हा कॉम्प्रेस होतात आणि केसांच्या, अक्षरांच्या कडांभोवती बारीक डाग उमटतात, हे मला फार खटकत असे. ‘जेपेगट्रान’ या मोफत प्रोग्रॅमने ही अडचण सुटली. तो फोटो पुन्हा कॉम्प्रेस न करता 8×8 पिक्सेलच्या चौकटींत साठवलेले आकडेच नव्या क्रमाने मांडतो, त्यामुळे तपशील जसाच्या तसा राहतो. मात्र लांबी-रुंदीला 8 ने (रंगांची माहिती कमी करून साठवलेली असल्यास बहुधा 16 ने) पूर्ण भाग जात नसेल, तर कडेची पट्टी नीट फिरत नाही. म्हणून मी ‘परफेक्ट’ हा पर्याय आवर्जून लावतो, म्हणजे अशा वेळी प्रोग्रॅम काम अर्धवट न करता थांबतो. एक्झिफ माहिती (कॅमेऱ्याने फोटोच्या फाइलमध्येच साठवलेल्या नोंदी) जपली असल्यास तिच्यातील ओरिएंटेशनची, म्हणजे फोटो कोणत्या दिशेने दाखवायचा याची, नोंद शेवटी 1 (न फिरवता दाखवा) करावी, नाहीतर बरेच व्ह्यूअर तोच फोटो पुन्हा फिरवून दाखवतात.