टर्बो गाडीचा पुढचा ॲक्सल: झीज ओळखताना आणि बदलताना या चुका टाळा

वळण घेताना पुढच्या चाकाकडून टकटक आवाज येऊ लागतो, नवा ॲक्सल, म्हणजे गिअरबॉक्सची शक्ती चाकापर्यंत नेणारा दांडा, बसवला जातो, आणि काही महिन्यांतच त्याच बाजूने तोच आवाज पुन्हा ऐकू येतो. अशा वेळी नव्या भागाच्या दर्जाला दोष दिला जातो आणि कधी कधी तो खराही असतो. पण बहुतेक वेळा पहिला ॲक्सल ज्या कारणाने झिजला, ते कारण गाडीत तसेच राहिलेले असते. तुटलेले इंजिन माउंटिंग (इंजिनाला जागेवर धरणारा रबरी आधार), काढून टाकलेले उष्णतारोधक कवच किंवा ढिला झालेला लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) रबरी बुश यांची शिक्षा शेवटी ॲक्सलला भोगावी लागते. म्हणून ॲक्सल बदलण्याआधी तो का गेला हे शोधणे हे या कामातले सर्वांत महत्त्वाचे पाऊल आहे, आणि नेमके तेच सर्वाधिक वेळा गाळले जाते.

टर्बोमुळे ॲक्सलवर काय वेगळे घडते

फ्रंट-व्हील-ड्राइव्ह गाडीत प्रत्येक पुढच्या चाकाला स्वतःचा ॲक्सल असतो आणि त्याच्या दोन्ही टोकांना सीव्ही जॉइंट, म्हणजे कोनात असतानाही एकसारख्या गतीने फिरणारे सांधे, असतात. चाकाकडच्या जॉइंटमध्ये सहसा सहा पोलादी छर्रे वक्राकार खोबणींतून फिरतात आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर हा जॉइंट सुमारे 45 अंशांपर्यंतचा कोन सहन करतो. गिअरबॉक्सकडच्या जॉइंटमध्ये बहुतेक गाड्यांत एका कपात सरकणारे तीन रोलर असतात. त्याचा कोन कमी असतो, पण चाक वरखाली होताना लागणारा लांबीतला फरक भरून काढण्यासाठी तो आत-बाहेर सरकतो.

समजा, एखादे टर्बो इंजिन 250 न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) देते, पहिल्या गिअरचे गुणोत्तर 3.5 आहे आणि फायनल ड्राइव्हचे, म्हणजे गिअरबॉक्समधल्या शेवटच्या गिअर-जोडीचे, 4. या तिन्हींचा गुणाकार 3,500 होतो, म्हणजे टायरची पकड टिकली तर प्रत्येक ॲक्सलवर साधारण 1,750 न्यूटन मीटरचा पीळ येतो. टर्बो नसलेल्या इंजिनाचा टॉर्क 150 धरला तर हाच आकडा 1,050 वर थांबतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की टर्बो इंजिन आपला बहुतेक टॉर्क 1,800 ते 2,000 आरपीएमच्या आसपासच देऊ लागते, म्हणजे गाडी कमी वेगात असताना, चौकातून निघताना आणि चाके अजून वळलेली असताना. कोन जितका मोठा, तितके प्रत्येक फेरीत छर्रे खोबणीत अधिक अंतर मागेपुढे घासतात. मोठा कोन आणि मोठा टॉर्क एकाच वेळी येणे ही बाहेरच्या जॉइंटसाठी सर्वांत वाईट अवस्था असते, आणि ती टाळण्यासाठी स्टिअरिंग सरळ होईपर्यंत ॲक्सिलरेटर अर्ध्यावर ठेवण्याची सवय पुरेशी आहे.

आवाज ऐकून घाईने निदान करू नका

पहिली मोठी चूक म्हणजे पुढून येणारा प्रत्येक आवाज ॲक्सलचा मानणे. बाहेरचा जॉइंट झिजला की स्टिअरिंग बरेच वळवून गाडीला जोर दिल्यावर चाकाच्या गतीशी जुळणारी टकटक येते, आणि सरळ जाताना ती थांबते. मोकळ्या, सपाट जागेत स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून गाडी हळू हळू आधी पुढे आणि मग रिव्हर्समध्ये फिरवावी, आणि मग दुसऱ्या बाजूला वळवून तेच करावे. रिव्हर्समध्ये खोबणीच्या दुसऱ्या भिंतीवर भार येत असल्याने पुढे जाताना न ऐकू आलेला आवाज कधी कधी तेव्हा सापडतो.

आतल्या जॉइंटची लक्षणे वेगळी असतात आणि ती ओळखण्यात अधिक घोटाळा होतो. त्याच्या रोलरांनी कपाच्या भिंतीवर खाचा पाडल्या की जोराने वेग घेताना गाडीचे पुढचे अंग डावी-उजवीकडे थरथरते आणि ॲक्सिलरेटर सोडताच ती थरथर नाहीशी होते. ॲक्सिलरेटरशी असलेले हे नाते फार मोलाचे आहे. थरथर ठरावीक वेगाला येत असेल आणि पाय उचलला तरी कायम राहत असेल, तर आधी चाकांचे बॅलन्सिंग आणि टायर तपासावेत. सतत घुमणारा, वेगाबरोबर वाढणारा आणि गाडी एका बाजूला झुकली की बदलणारा आवाज बहुधा चाकाच्या बेअरिंगचा असतो. ज्या गाड्यांत उजव्या आणि डाव्या ॲक्सलची लांबी सारखी ठेवण्यासाठी मध्ये एक जोडशाफ्ट असतो, तिथे त्या शाफ्टचे आधार-बेअरिंगही अगदी असाच घुमण्याचा आवाज करते, आणि ते तपासायचे राहून गेल्यामुळे चाकाची चांगली बेअरिंगे विनाकारण बदलली जातात.

ॲक्सिलरेटर दाबताना आणि सोडताना येणारा एकच जड ठोका हा आतल्या जॉइंटचा असू शकतो, पण टर्बो गाडीत माझा पहिला संशय नेहमी इंजिनाच्या माउंटिंगवर असतो. बॉनेट उघडून, समोर कोणीही उभे नसताना, दुसऱ्या व्यक्तीने ब्रेक घट्ट दाबून किंचित जोर द्यावा आणि बाजूला उभे राहून इंजिन किती कलते ते पाहावे. ते झोका घेतल्यासारखे मागे जात असेल, तर आधी माउंटिंग बदलावे आणि मगच ॲक्सलचा विचार करावा. वेग घेताना स्टिअरिंग एका बाजूला ओढण्याचा त्रास अचानक वाढला असेल तरीही हेच लागू होते. लांबीत फरक असलेल्या दोन ॲक्सलांमुळे थोडी ओढ मुळातच असते, परंतु ती वाढण्यामागे कललेले इंजिन, ढिले बुश किंवा असमान टायर यांचा हात असण्याची शक्यता अधिक असते.

झिजण्याचे कारण गाडीत तसेच ठेवू नका

जॉइंटवरचा रबरी बूट फाटला की आतले ग्रीस बाहेर फेकले जाते आणि रिमच्या आतल्या बाजूला काळ्या शिंतोड्यांची रेघ उमटते. त्यानंतर धूळ आणि पाणी आत जाऊन छर्रे आणि खोबण्या खरवडल्या जातात. ही रेघ दिसूनही आवाज येईपर्यंत थांबणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे, कारण आवाज येण्याआधी फक्त बूट आणि ग्रीस बदलून जॉइंट वाचवता येतो, आणि आवाज आल्यानंतर नवे ग्रीस भरून झीज भरून निघत नाही. प्रत्येक सर्व्हिसच्या वेळी बुटाच्या घड्या बोटांनी फाकवून पाहाव्यात; तडे नेहमी घडीच्या तळाशी सुरू होतात आणि वरवर पाहून दिसत नाहीत.

टर्बो गाडीत आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे लागते. टर्बो आणि त्याचा डाउनपाइप (टर्बोतून निघणारा एक्झॉस्ट पाइप) अनेकदा गिअरबॉक्सकडच्या बुटाच्या अगदी जवळून जातात, आणि त्या दोहोंमध्ये पातळ पत्र्याचे उष्णतारोधक कवच असते. टर्बोचे किंवा एक्झॉस्टचे काम झाल्यावर हे कवच गंजले होते, बोल्ट तुटला होता, अशा कारणांनी परत बसवले जात नाही. मग बूट कडक होऊन चिरतो, आणि तिथे नवा ॲक्सल बसवला तरी त्याच्याही नशिबी तेच येते. दोन बाजूंपैकी एकाच बाजूचा आतला बूट पुन्हा पुन्हा जात असेल, तर ॲक्सलचा ब्रँड बदलण्याआधी ते कवच जागेवर आहे का, हे पाहावे.

गाडी खाली बसवणे किंवा उंच करणे यांमुळे ॲक्सलचा रोजचा कोन बदलतो, आणि फार खाली बसवलेल्या गाडीत आतला जॉइंट आपल्या मर्यादेपर्यंत आत ढकलला जाऊ शकतो. ईसीयू रीमॅप करून, म्हणजे इंजिनाच्या संगणकाची सेटिंग बदलून, टॉर्क वाढवणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की नुसत्या जास्त टॉर्कपेक्षा पुढची चाके जमिनीवर उड्या मारत घसरणे अधिक घातक असते. पकड सुटणे आणि पुन्हा बसणे हे एका सेकंदात अनेकदा घडते आणि प्रत्येक वेळी ॲक्सलला उलटसुलट धक्का बसतो. चाके उड्या मारू लागली की पाय त्याच क्षणी उचलावा. मजबूत ॲक्सल घेण्याआधी माउंटिंग, लोअर आर्मचे बुश आणि शॉक ॲब्सॉर्बर पक्के करावेत, कारण उड्या तिथूनच सुरू होतात.

दिसायला सारखा म्हणून तोच ॲक्सल समजू नका

एकाच मॉडेलच्या टर्बो आणि साध्या आवृत्तीत, तसेच मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये ॲक्सल बहुधा वेगळे असतात. नवा ॲक्सल गाडीच्या चॅसी क्रमांकावरून मागवावा आणि जुना काढल्यावर दोन्ही शेजारी ठेवून लांबी, दोन्ही टोकांच्या स्प्लाइनची (शाफ्टवरच्या उभ्या दात्यांची) संख्या, शाफ्टची जाडी आणि आतल्या जॉइंटचा आकार पडताळावा. जुन्या धाटणीच्या गाड्यांत बाहेरच्या जॉइंटवर एबीएसची दातेरी कडी असते. तिच्या दातांची संख्या चुकली की एबीएसचा दिवा लागतो. मूळ ॲक्सलच्या मध्यभागी कंपन शोषणारे रबरी वजन असेल आणि नव्यावर ते नसेल, तर तो ॲक्सल परत करणे योग्य ठरते. दुरुस्त करून विकले जाणारे ॲक्सल नेहमीच वाईट नसतात, मात्र ज्यांच्या खोबण्या पुन्हा घासून मोठ्या छर्ऱ्यांसह जुळवलेल्या असतात, अशांवर टर्बोच्या टॉर्कचा भरवसा मी ठेवत नाही.

काढताना आणि बसवताना होणाऱ्या चुका

गाडी फक्त जॅकवर ठेवून काम करू नये. जॅक स्टँड लावावेत, मागच्या चाकांना ठोकळे लावावेत आणि हँडब्रेक ओढलेला असावा. एक ॲक्सल काढला किंवा तुटला की ऑटोमॅटिक गाडीतले पी (पार्किंग) आणि मॅन्युअल गाडीतला गिअर गाडीला धरून ठेवू शकत नाहीत, कारण दोन्ही चाकांत शक्ती वाटणारे डिफरन्शियल मोकळ्या बाजूने फिरते. रस्त्यात ॲक्सल तुटला तरी हेच घडते, म्हणून अशी गाडी उतारावर उभी करताना केवळ गिअरवर विसंबणे धोक्याचे आहे.

हब नट (चाकाच्या मध्यभागी ॲक्सल धरणारा मोठा नट) सुटल्यावर स्प्लाइन गंजाने धरून बसल्या असतील, तर शाफ्टच्या टोकावर सरळ हातोडा मारल्याने आटे बसतात आणि टोक पसरते. पुलर वापरणे सर्वांत बरे. तो नसल्यास नट टोकाच्या पातळीपर्यंत परत फिरवावा आणि पितळेचा ठोकळा मध्ये धरून ठोकावे. ब्रेक कॅलिपर त्याच्या नळीवर लोंबकळत ठेवू नये, तारेने स्प्रिंगला बांधावा.

गिअरबॉक्सकडचे टोक सोडवताना शाफ्ट धरून ओढणे ही अगदी नेहमीची चूक आहे. तसे केल्याने कप गिअरबॉक्समध्येच राहतो आणि रोलर त्यातून निसटून बूट फाटतो. पहार कपाच्या मागे, गिअरबॉक्सच्या भक्कम भागावर टेकवून छोटासा झटका द्यावा आणि ती ऑइल सीलला किंवा ॲल्युमिनियमच्या पातळ कडेला लागू देऊ नये. ॲक्सल बाहेर येताच तेल गळते, त्यामुळे खाली भांडे ठेवावे. काही गिअरबॉक्समध्ये दोन्ही ॲक्सल एकाच वेळी काढले की डिफरन्शियलमधले बाजूचे गिअर जागा सोडतात आणि नवा ॲक्सल आत शिरतच नाही. एका वेळी एकच बाजू करणे हा त्यावरचा सरळ उपाय आहे.

ऑइल सील स्वस्त असते आणि ॲक्सल बाहेर असतानाच ते बदलणे सोपे असते, म्हणून ते जुनेच ठेवू नये. नव्याच्या ओठाला गिअर ऑइलचे बोट लावावे आणि स्प्लाइन त्यावर घासू न देता ॲक्सल सरळ रेषेत आत न्यावा. टोकावरची सर्क्लिप (ॲक्सल आत अडकवून ठेवणारी तारेची कडी) नवी असावी. तिच्या फटीचे तोंड खाली ठेवून जोराने एक धक्का दिला की ती खट आवाज करून बसते. त्यानंतर कप हाताने बाहेर ओढून पाहावा. तो सरकला तर क्लिप बसलेली नाही.

सर्वांत गंभीर चूक हब नटची आहे. अनेक गाड्यांत त्याचा आवळण्याचा टॉर्क 180 ते 300 न्यूटन मीटरच्या दरम्यान असतो, काहींत त्यापुढे ठरावीक अंशांचा फेरा सांगितलेला असतो, आणि अचूक आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्यावा लागतो. हा नट ॲक्सल धरून ठेवण्याबरोबरच बेअरिंगच्या आतल्या दोन कड्यांना योग्य दाबाने एकत्र आवळतो. म्हणून इम्पॅक्ट गनने अंदाजाने आवळलेला नट बेअरिंगचे आयुष्य खातो, आणि नट काढलेला असताना गाडी चाकांवर उतरवून हलवली तर बेअरिंग त्या थोड्या अंतरातही खराब होऊ शकते. ठोकून अडकवण्याचा नट एकदाच वापरायचा असतो. गाडी स्टँडवर असताना ब्रेक दाबून धरून टॉर्क रेंचने नट आवळावा, मग अडकवावा आणि त्यानंतरच गाडी खाली घ्यावी.

फक्त बूट बदलत असाल, तर संचात आलेले सगळे ग्रीस त्याच जॉइंटमध्ये भरावे. बाहेरच्या आणि आतल्या जॉइंटचे ग्रीस वेगळे असू शकते आणि ते एकमेकांत मिसळू नये. क्लॅम्पऐवजी प्लास्टिकच्या पट्ट्या बांधणे हा तात्पुरताही उपाय नाही, कारण फिरणाऱ्या बुटातले ग्रीस दाबाने कडेतून बाहेर पडते.

काम संपल्यावर गिअरबॉक्समधील तेलाची पातळी भरून घ्यावी. स्ट्रटचे (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बरच्या जोडीचे) खालचे बोल्ट सोडवले असतील तर कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) बदललेला असू शकतो, त्यामुळे अलाइनमेंट करून घ्यावी. काही दिवस गाडी चालवल्यावर सीलभोवती ओल आहे का आणि क्लॅम्पच्या कडेला ग्रीस आले आहे का, हे पाहावे. नव्या ॲक्सलसह वेग घेताना पूर्वी नसलेली थरथर आली, तर तो ॲक्सल सदोष असण्याची शक्यता खरोखर मोठी असते. यासाठीच काढलेला मूळ ॲक्सल नव्याची खात्री पटेपर्यंत टाकू नये किंवा बदल्यात देऊ नये. त्याच्या खोबण्या गुळगुळीत असतील आणि फक्त बूट गेलेला असेल, तर तो धुऊन, नवे ग्रीस आणि नवा बूट घालून परत बसवणे हे कित्येकदा हलक्या दर्जाच्या नव्या ॲक्सलपेक्षा अधिक टिकाऊ ठरते.