गाडी घाटात ओढत नाही? आधी धूर बघा, मग सेन्सर

बऱ्हाणपूरहून केळी भरून आलेली पिकअप भेरूघाट चढताना ओढत नाही, ही तक्रार आमच्या इंदूरच्या देवास नाक्यावरच्या गॅरेजला वर्षभर येते. माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मागून धूर कसला येत होता? काळा, की काहीच नाही? इंजिनात जाणारी हवा मोजणाऱ्या एअरफ्लो सेन्सरला हात लावायचा की नाही, ते निम्मं या उत्तरावर ठरतं.

गाडीला हा सेन्सर आहे का ते आधी बघा. यांत्रिक पंपाच्या जुन्या डिझेलला तो नसतो. कॉम्प्युटरच्या हुकमाने डिझेल सोडणाऱ्या कॉमन रेल इंजिनाला बहुतेकदा असतो, एअर फिल्टरचा डबा आणि टर्बोकडे (हवा दाबून इंजिनात भरणाऱ्या पंख्याकडे) जाणारा होज यांच्या मधे. आत नखाएवढ्या जागेत तापवलेली पातळ फिल्म असते. वरून हवा गेली की ती गार होते, आणि तिला परत तापवायला किती करंट लागला त्यावरून ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, हवेचं वजन कळतं. पेट्रोल इंजिन या आकड्यावरून पेट्रोल मोजतं. डिझेलमध्ये त्यावर दोन गोष्टी ठरतात: जळलेल्या वायूचा काही भाग परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह किती उघडायचा, आणि धूर होऊ न देता जास्तीत जास्त किती डिझेल सोडायचं.

आता धुराकडे या. फिल्मवर धूळ बसली की सेन्सर सहसा हवा कमी दाखवतो आणि ईसीएम डिझेल सोडताना हात आखडता घेतो. गाडी मेल्यासारखी चालते, पण धूर नसतो. सेन्सर आणि टर्बोमधला होज चिरला असला तरी लक्षण हेच, कारण चिरेतून शिरलेली हवा मोजलीच जात नाही. वर ती धुळीची हवा फिल्टरला चुकवून थेट टर्बोच्या पात्यांवर जाते, म्हणून या होजला मी फार जपतो. टर्बोच्या पुढचा, इंटरकूलरकडचा (दाबलेली हवा गार करणाऱ्या जाळीकडचा) पाइप फाटला तर मात्र उलटं होतं. हवा मोजली जाते आणि इंजिनात पोचायच्या आत सुटते. डिझेल पूर्ण, हवा अपुरी, आणि मागे काळा धूर. तिथे सेन्सर धुऊन उपयोग नाही. पाइपवर तेलकट ओल कुठे दिसते ते शोधा, फट बहुतेक तिथेच सापडते. काळ्या धुराला इंजेक्टर किंवा उघडा अडकलेला ईजीआर हीही कारणं असतात, पण पाइप बघायला पैसे पडत नाहीत.

माळव्यात या सेन्सरला सगळ्यात जास्त छळतं ते सोयाबीन. सप्टेंबर-ऑक्टोबरात मळणी सुरू झाली की शेंगांवरची बारीक लव धुळीबरोबर उडते आणि शेतातून माल उचलणाऱ्या गाडीचा फिल्टर बघता बघता भरतो. मग कोणीतरी कॉम्प्रेसरच्या जोरदार हवेने तो झाडतो आणि कागदाला बारीक छिद्रं पडतात. त्यापेक्षा हंगाम संपल्यावर फिल्टर नवा टाका. डब्याची सेन्सरकडची बाजू पांढऱ्या फडक्याने पुसून बघा. फडकं मातकट झालं तर फिल्टरचं रबर नीट बसत नाही किंवा डब्याची क्लिप सैल आहे. ते न सुधारता सेन्सर धुतला तर तो पुन्हा मळेल. तेल लावून वापरायचे कापडी फिल्टरही नकोत, जास्तीचं तेल उडून फिल्मवर बसतं.

धुण्यासाठी ‘एमएएफ क्लीनर’ लिहिलेलाच स्प्रे घ्या; एमएएफ म्हणजे हाच एअरफ्लो सेन्सर. कार्बोरेटर क्लीनर, ब्रेक क्लीनर, पेट्रोल यांतलं काहीही चालणार नाही. इंजिन थंड होऊ द्या, चावी काढून ठेवा आणि सेन्सरच्या भोवतीची धूळ आधी पुसा, नाहीतर सेन्सर उपसताना ती आत पडेल. कनेक्टरचं लॉक दाबून प्लास्टिकला धरून ओढा, तारांना नाही. स्क्रू सहसा दोन असतात, ताऱ्याच्या तोंडाचे. काहींच्या मधोमध टोक असतं, त्याला मधे भोक असलेला बिट लागतो.

सेन्सर हातात आला की मोबाइलचा टॉर्च मारून खाचेत बघा. चांगली फिल्म चकचकीत दिसते, मळलेलीवर करडी लव चिकटलेली असते. कितीही मोह झाला तरी काडी, कापूस, बोट, ब्रश काहीच लावू नका. तोंड खाली करून वीतभर अंतरावरून थोडा थोडा स्प्रे मारा, म्हणजे घाण ओघळून बाहेर पडते. मग सावलीत आपोआप वाळू द्या. अर्धा तास तरी, पावसाळ्यात जास्त. हवा मारून वाळवू नका, फिल्म तुटते. बसवताना रबरी रिंग जागेवर आहे ना, ते बघा. स्क्रू प्लास्टिकमध्ये जातात, तेव्हा बेताने आवळा.

स्कॅनर असेल तर पी ०१०१, पी ०१०२ असे या सेन्सरच्या बिघाडाचे कोड आधी टिपून घ्या, मगच पुसा. मग इंजिन चालू ठेवून सेन्सर एका स्ट्रोकला किती मिलिग्रॅम हवा दाखवतो तो आकडा बघा. २.२ लिटरच्या चार सिलिंडरच्या इंजिनात एका सिलिंडरच्या वाट्याला साधारण ५५० सीसी येतात. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर, त्यामुळे इथली हवा थोडी विरळ. एवढ्या जागेत ती ६०० मिलिग्रॅमच्या जवळपास मावते. सिलिंडर पूर्ण भरत नाही, म्हणून आयडलला (अॅक्सिलरेटर न दाबता), ईजीआर बंद असताना, एका स्ट्रोकला ५०० मिलिग्रॅमच्या आसपास आकडा दिसला तर मी सेन्सरला ठीक म्हणतो. ईजीआर उघडा असताना आकडा बराच खाली येतो, आणि तेवढ्यावरून चांगले सेन्सर भंगारात गेलेले मी पाहिले आहेत.

धुऊन, होज आणि तारा तपासूनही ईजीआर बंद असताना आकडा ३००च्या वर जात नसेल तर मात्र नवा घ्या. जुन्याच्या अंगावरचा पार्ट नंबर शेवटच्या आकड्यापर्यंत जुळवा. आकार आणि कनेक्टर सारखे असले तरी आतलं कॅलिब्रेशन वेगळं असू शकतं, आणि तसा सेन्सर बसवला तर ईसीएमला पहिल्या दिवसापासून चुकीची हवा कळत राहते.