पोयाकची वाईन मराठवाड्यात कशी जपावी आणि कशी उघडावी

कडवंचीसारख्या द्राक्षांच्या गावाला बोर्डो हे नाव नवे नाही. डाऊनी या द्राक्षवेलीवरच्या बुरशीजन्य रोगावर आपण मोरचूद आणि चुन्याचे जे मिश्रण फवारतो, ते फ्रान्समधल्या बोर्डो भागात १८८० च्या दशकात तयार झाले. याच भागातल्या पोयाक गावची रेड वाईन कोणी पाहुण्याने आणून दिली, तर तिचे काय करावे, हे येथे सांगतो.

प्रथम लेबल नीट वाचावे. 'शातो' हा शब्द मळा आणि तिथली वास्तू या दोहोंसाठी वापरतात. उदाहरणार्थ, 'शातो लातूर' हा पोयाकचा नामांकित मळा. उच्चार आपल्या लातूरच्या जवळचा असला तरी अर्थ 'बुरूज' असा आहे, आणि लेबलवरही बुरूजच असतो. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी तिथल्या वाईनची जी प्रतवारी झाली, तिच्या पहिल्या श्रेणीत हा मळा आहे. तिथली जमीन वर गोट्यांची आणि खाली चिकणमातीची असल्यामुळे पावसाचे पाणी मुळाशी साचत नाही आणि कोरड्या उन्हाळ्यात खालची ओल वेलीला पुरते. मुरमाड रानात बाग लावणाऱ्याला याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

त्यानंतर साल पाहावे. हे साल द्राक्षे तोडल्याचे असते, बाटली भरल्याचे नव्हे, कारण मधला दीड-दोन वर्षांचा काळ वाईन ओकच्या पिंपात मुरते. आपण एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी करतो. तिथे छाटणी हिवाळ्यात एकदाच होते, वेल जूनच्या सुमारास फुलोऱ्यात येते आणि तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते. फुलोऱ्यात गारठा आणि पाऊस आला तर घड विरळ राहतो, तोडणीच्या तोंडावर पाऊस झाला तर रस पातळ होतो. म्हणून एकाच मळ्याच्या १९८२ आणि २०१० च्या बाटल्या लोक जपून ठेवतात, तर थंड, ओल्या २०१३ ची बाटली त्या मानाने लवकर पिऊन टाकावी असे माझे मत आहे.

खरी कसोटी आपल्या उन्हाळ्याची आहे. पोयाकचीच एक बाटली मी एका मे महिन्यात पत्र्याच्या खोलीतल्या माळ्यावर ठेवली होती. जूनमध्ये काढली तेव्हा बूच वर सरकले होते, मानेवरच्या वेष्टणाखाली चिकट लाल डाग होता आणि चव शिजवलेल्या मुरंब्यासारखी झाली होती. अशी वाईन पुन्हा सुधारत नाही. तिला १२ ते १४ अंश तापमान, अंधार आणि आडवी जागा लागते, म्हणजे बूच ओले राहते. वाईनसाठीचे वेगळे कपाट नसेल तर बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून फ्रिजच्या भाजीच्या खणात आडवी ठेवावी. फ्रिजची हवा कोरडी असल्याने वर्षानुवर्षे ठेवण्यासाठी ही सोय योग्य नव्हे, पण ४२ अंशांच्या खोलीपेक्षा ती कितीतरी बरी.

'रेड वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी' हा सल्ला युरोपातल्या थंड घरांसाठी आहे. आपल्याकडे ती १६ ते १८ अंशांना द्यावी. फ्रिजमधून काढलेली बाटली उन्हाळ्यात साधारण अर्ध्या तासात तेवढ्यावर येते.

दहा-पंधरा वर्षांहून जुनी बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवावी, म्हणजे गाळ तळाशी बसतो. जुने बूच ठिसूळ असते, म्हणून स्क्रू सरळ आत घालून हळूहळू ओढावे. नंतर मानेमागे टॉर्च धरून वाईन काचेच्या भांड्यात एकसंध धारेने ओतावी. नवी वाईन अशी ओतून दोन तास उघडी ठेवावी. जुनी मात्र लगेच वाढावी, कारण तिचा वास लवकर उडतो. सोबत मटण चालेल, पण काळ्या मसाल्याचा जाळ कमी ठेवावा, नाहीतर तिखटाने वाईन अधिक तुरट लागते. ओतताना गाळाची काळपट रेघ मानेपर्यंत आली की तिथेच थांबावे आणि उरलेली दोन बोटे वाईन बाटलीतच राहू द्यावी.