व्हीएमध्ये लिव्हरच्या क्वालिटीचं काम करायला येताय? आधी टक्केवारीचा छेद तपासा

एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स) किंवा बायोस्टॅटिस्टिक्ससाठी अमेरिकेत आलेली आपली मुलं हल्ली मला विचारतात: व्हीएमध्ये, म्हणजे माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांमध्ये, लिव्हरच्या आजारांवर क्वालिटी इम्प्रूव्हमेंटचं काम मिळतंय, घेऊ का? घ्या, डोळे मिटून घ्या. एकाच व्यवस्थेखाली चालणारं एवढं मोठं रुग्णालयांचं जाळं या देशात दुसरं नाही. रक्ततपासण्या, औषधं, अ‍ॅडमिशन असा १९९९ पासूनचा डेटा एका जागी मिळतो. शिवाय या जाळ्यानं काम करून दाखवलंय. व्हिएतनाम युद्धाच्या पिढीत हेपॅटायटिस सी, म्हणजे लिव्हर खराब करणारा व्हायरस, फार होता. नव्या गोळ्या आल्यावर २०१४ पासून विभागवार टीम बांधल्या गेल्या आणि २०१९ पर्यंत सुमारे एक लाख माजी सैनिक त्यातून बरे झाले.

पण व्हायरस गेला म्हणून सिरॉसिस, म्हणजे लिव्हरवर व्रण पडून ते कडक होणं, जात नाही. लिव्हर कॅन्सरचा धोका राहतो, त्यामुळे दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी लागतेच. त्यात आता दारू आणि फॅटी लिव्हरचे पेशंट वाढलेत. 'सिरॉसिसच्या किती टक्के पेशंटची सोनोग्राफी वेळेवर झाली' हा आकडा तुम्हाला पहिल्याच आठवड्यात दाखवतील आणि तो वाढवायला सांगतील.

इथेच सापळा आहे. मी त्यात बराच काळ होते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

टक्केवारीत अंश असतो आणि छेद असतो. सगळ्यांची नजर अंशावर, म्हणजे किती सोनोग्राफ्या झाल्या यावर. छेदात कोण आहे हे कुणी विचारत नाही. छेदात येतात ते ज्यांच्या रेकॉर्डवर सिरॉसिसचा आयसीडी कोड, म्हणजे निदानाचा ठरलेला क्रमांक, पडलाय तेवढेच. हा कोड बहुतेक वेळा कुणावर पडतो? जो आधीच लिव्हर क्लिनिकमध्ये पोचलाय त्याच्यावर, म्हणजे ज्याची काळजी बऱ्यापैकी घेतली जातेय त्याच्यावर. लांबच्या गावातल्या छोट्या क्लिनिकमध्ये फक्त बीपीच्या गोळ्या न्यायला येणारा, प्लेटलेट हळूहळू उतरत चाललेला (ही सिरॉसिसची खूण असू शकते) आजोबा त्या यादीत नसतोच.

समजा एका रुग्णालयात कोड पडलेले २०० पेशंट आहेत आणि त्यातल्या १२० जणांची सोनोग्राफी झालीय. म्हणजे ६० टक्के. तिथल्या टीमनं मेहनत घेऊन, जुन्या रक्ततपासण्या चाळून, निदान न झालेले आणखी १०० जण शोधले आणि त्यातल्या ३० जणांची सोनोग्राफी करून घेतली. आता ३०० पैकी १५०. टक्का उतरून ५० झाला! जास्त माणसांची तपासणी झाली आणि डॅशबोर्डवर रुग्णालय लाल रंगात गेलं. शेजारच्या रुग्णालयानं कुणालाच शोधलं नाही, ते हिरवंच राहिलं. दोन रुग्णालयांची तुलना करायला सांगितली, की आधी दोघांचे छेद कसे बनलेत ते विचारा. उत्तर मिळेपर्यंत स्लाइड बनवू नका. बॉस घाई करेल, करू दे.

मग निदान न झालेले शोधायचे कसे? वय, एएसटी आणि एएलटी ही रक्तातली लिव्हरची एन्झाइम्स आणि प्लेटलेट यांवरून निघणारा फिब-४ हा आकडा वापरतात. हिशेब सोपा आहे: वय गुणिले एएसटी, भागिले प्लेटलेट (हजारांत) आणि एएलटीचं वर्गमूळ यांचा गुणाकार. इथंही जपा. एएसटी ३२, एएलटी १६, प्लेटलेट १८० हजार, सगळं नॉर्मल. वय ३५ असेल तर उत्तर १.५६ येतं. तेच आकडे ७५ वर्षांच्या माणसाचे असतील तर ३.३३, म्हणजे ३.२५ ची धोक्याची रेघ ओलांडली. माजी सैनिकांमध्ये वयस्कर माणसं भरपूर. फिब-४ ची यादी म्हणजे निदान नव्हे. त्यावरून फायब्रोस्कॅनला, म्हणजे लिव्हर किती कडक झालंय ते मोजणाऱ्या तपासणीला, कुणाला पाठवायचं एवढंच ठरतं. ती यादी तशीच प्रायमरी केअरच्या डॉक्टरांकडे ढकललीत, तर तुमचा पुढचा ईमेल ते उघडणार नाहीत.

अंशातही खोट असते. २०१८ च्या मिशन कायद्यानंतर बरेच पेशंट व्हीएच्या खर्चानं बाहेर तपासणी करून घेतात. तो रिपोर्ट अनेकदा स्कॅन केलेला कागद म्हणून येतो आणि डेटाबेसवर चालवलेल्या तुमच्या क्वेरीला दिसत नाही. थोड्या फायली स्वतः उघडून वाचा. याला पर्याय नाही.

मेंटरबद्दल माझं मत ठाम आहे. मोठ्या नावाच्या प्राध्यापकामागे धावण्यापेक्षा पेशंटना फोन करणारी नर्स आणि क्लिनिकल फार्मासिस्ट गाठा. आपल्याकडे फार्मासिस्ट म्हणजे मेडिकलवाला. इथे व्हीएमध्ये तो नेमून दिलेल्या कक्षेत स्वतः औषध लिहितो, आणि हेपॅटायटिस सीच्या मोहिमेत त्यांनी मोठा भार उचलला. कोणता पेशंट का येत नाही हे त्यांनाच माहीत असतं: गाडी नाही, दोन तासांचा रस्ता, सकाळी उपाशी राहून पोचणं जमत नाही. सोनोग्राफी दुसऱ्या अपॉइंटमेंटच्या दिवशीच लावून दिली तर तो येतो. सिक्स सिग्मा या क्वालिटीच्या कोर्सच्या बेल्टवर, म्हणजे प्रमाणपत्रावर, मात्र पैसे घालवू नका. ती परीक्षा पास होऊनही फोन कुणी उचलत नाही.

घाबरू नका. तुम्ही हेपॅटोलॉजिस्ट, म्हणजे लिव्हरचे तज्ज्ञ डॉक्टर, नसलात तरी चालतं. न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरांनी २००३ मध्ये प्रोजेक्ट इको सुरू केला, तो याच विचारावर: दूरच्या साध्या डॉक्टरला तज्ज्ञांशी व्हिडिओवर नियमित जोडलं, तर तोही हेपॅटायटिस सी उत्तम हाताळतो. व्हीएनं तीच पद्धत स्कॅन-इको म्हणून उचलली. तुमच्या रुग्णालयात चालत असेल तर कोपऱ्यात बसून ऐका. पुस्तकात नसलेलं बरंच कळेल.

कागदपत्रांचं आधीच सांगून ठेवते. नोकरीत अमेरिकन नागरिकांना प्राधान्य असतं, म्हणून आपल्यातले बरेच जण विद्यापीठाच्या पगारावर राहून व्हीएत विनावेतन नियुक्ती घेतात. बोटांचे ठसे, पार्श्वभूमीची चौकशी, मग पीआयव्ही कार्ड (सरकारी ओळखपत्र), मग डेटाची परवानगी. यात महिने जातात आणि त्यात तुमचा काही दोष नसतो. ऑफर आली त्याच दिवशी फॉर्म भरायला घ्या. प्रकल्प संशोधन आहे की रुग्णालयाचं अंतर्गत काम, हे सुरुवातीलाच लेखी घ्या, नाहीतर पेपर छापायच्या वेळी अडकाल. कार्ड येईपर्यंत एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, पक्कं करा आणि सिरॉसिसचे आयसीडी-९ आणि आयसीडी-१० असे दोन्ही कोड समजून घ्या. १ ऑक्टोबर २०१५ ला कोड बदलले, त्यामुळे जुना ट्रेंड काढताना दोन्ही लागतात.