मांजर लिटर बॉक्स सोडून दुसरीकडे शू करू लागले तर

पिल्लूपणी नेमाने लिटर बॉक्समध्ये (शी-शूसाठी वाळूसारखे दाणे, म्हणजे लिटर, भरलेल्या खोक्यात) जाणारे मांजर सहा-आठ महिन्यांचे झाल्यावर अचानक गादीवर किंवा पायपुसण्यावर शू करू लागले की घरातील माणसे त्याच्यावर डूख धरल्याचा आरोप करतात. मांजर सूड उगवण्यासाठी असे कधीही करत नाही. त्याला शारीरिक त्रास होत असतो, एखादी भीती बसलेली असते, किंवा बॉक्स, त्यातील लिटर आणि बॉक्सची जागा यांपैकी काहीतरी नकोसे झालेले असते. म्हणून त्याला ओरडू नये, मारू नये आणि त्याचे नाक घाणीत तर मुळीच घासू नये. त्यातून ते फक्त माणसासमोर शू करणे धोक्याचे आहे एवढेच शिकते आणि पुढच्या वेळी कपाटामागची जागा शोधते.

सर्वांत आधी पशुवैद्याकडून तपासणी करून घ्यावी. बोका पुन्हा पुन्हा बॉक्समध्ये जाऊन कुंथत असेल, ओरडत असेल आणि लघवी थेंबथेंब येत असेल किंवा येतच नसेल, तर सकाळची वाट पाहू नये. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो, तो खड्यांनी किंवा चिकट स्रावाने तुंबला तर एक-दोन दिवसांत जिवावर बेतते. लघवीत रक्त दिसणे किंवा पातळ शी होणे हीदेखील दवाखान्यात नेण्याचीच कारणे आहेत.

आजार नाही असे ठरले की मांजर बॉक्स कसा वापरते ते थोडे लांबून पाहावे. ते पुढचे पाय काठावर ठेवून उभे राहते का, लिटर न उकरता बाजूच्या प्लास्टिकवरच पंजे घासते का, काम उरकताच काही न झाकता उडी मारून पळते का? यांपैकी काही दिसले तर बॉक्स किंवा लिटर त्याला पसंत नाही, असा अंदाज बांधता येतो.

बहुतेक घरांत बॉक्स लहान पडतो, कारण तो पिल्लाच्या मापाने घेतलेला असतो. बॉक्सची लांबी मांजराच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीच्या सुमारे दीडपट असावी, म्हणजे ४५ सेंमीच्या मांजराला ६५ ते ७० सेंमीचा बॉक्स लागतो. दुकानात तेवढा मिळाला नाही तर कपडे ठेवायचा मोठा प्लास्टिकचा टब घ्यावा, त्याची एक बाजू आत शिरता येईल इतकी खाली कापावी आणि कापलेली कड पॉलिश पेपरने घासून बोथट करावी. झाकणाचे बॉक्स आपल्याला सोयीचे वाटतात, पण वास आतच कोंडतो आणि साफसफाईची आठवणही राहत नाही, त्यामुळे अडचण असताना झाकण काढून ठेवणेच बरे.

लिटर बारीक दाण्याचे, बिनवासाचे आणि ५ ते ७ सेंमी खोलीचे असावे. लव्हेंडरचा सुगंध माणसासाठी असतो, मांजराच्या तीक्ष्ण नाकाला तो खुपतो. नवे लिटर आणायचे असल्यास जुने एकदम काढू नये. निवड होईपर्यंत जुन्या आणि नव्या लिटरचे दोन बॉक्स शेजारी ठेवून निवड मांजरावर सोडावी. शी आणि शूने झालेले लिटरचे गोळे दिवसातून किमान एकदा, शक्यतो दोनदा काढावेत.

एका मांजराला दोन बॉक्स द्यावेत आणि ते वेगवेगळ्या खोल्यांत ठेवावेत, कारण शेजारी ठेवलेले दोन बॉक्स त्याच्या दृष्टीने एकच जागा असते. जागा मात्र शांत हवी. फ्लॅटमध्ये बॉक्स बहुधा वॉशिंग मशीनजवळ किंवा बाल्कनीत जातो. मशीन ऐन वेळी घरघरू लागले की मांजर दचकते आणि ती जागा टाळू लागते. बाल्कनीत पावसाळ्यात लिटर ओले होते, दिवाळीत फटाक्यांचा आवाज येतो. खाण्यापिण्याच्या भांड्यांजवळही बॉक्स ठेवू नये.

जिथे शू झाली ती जागा फिनेलने कधीही पुसू नये. फिनॉलयुक्त रसायने मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत, आणि पंजे चाटताना ती थेट पोटात जातात. अमोनियाचे क्लीनरही टाळावेत, कारण त्यांच्या वासाने जुनी जागा पुन्हा खुणावते. पाळीव प्राण्यांसाठी मिळणारा एन्झाइम क्लीनर (शूचे घटक मोडणारा द्रव) भरपूर ओतून, बाटलीवर दिलेल्या वेळेइतका मुरू द्यावा. गादीत तो शू जितकी खोल गेली तितका खोल पोहोचायला हवा.

मांजर उभे राहून, शेपूट थरथरवत भिंतीवर किंवा पडद्यावर फवारा मारत असेल, तर ती हद्दीची खूण असते आणि बॉक्स बदलून ती थांबत नाही. वयात आलेल्या बोक्यांत हे अधिक दिसते. पशुवैद्याच्या सल्ल्याने पाच-सहा महिन्यांच्या सुमारास नसबंदी केल्यास बहुतेक बोक्यांची ही सवय लागत नाही किंवा सुटते.

एवढे करूनही सवय मोडत नसेल तर मांजराला काही दिवस एका लहान खोलीत बॉक्स, पाणी, खाणे आणि झोपायची जागा एकमेकांपासून दूर ठेवून राहू द्यावे. बॉक्स सलग वापरला जाऊ लागला की आधी एकच दुसरी खोली उघडावी. गादी असलेली खोली सर्वांत शेवटी उघडावी.