मोठ्या बोअरच्या नेमबाजीसाठी काडतूस कसं निवडावं

.२२ रिमफायरच्या हलक्या, लहान काडतुसावरून मोठ्या बोअरकडे (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचा व्यास) वळणारा नेमबाज बहुतेक वेळा उलट्या टोकाने सुरुवात करतो. आधी एखादी रायफल मनात भरते, मग तिच्यात कुठलं काडतूस लागतं ते कळतं आणि त्यानंतर ते काडतूस चालेल अशी स्पर्धा शोधायची पाळी येते. हा क्रम पालटा. आधी स्पर्धा ठरवा, मग अंतर, मग आपला खांदा, आणि काडतुसाचं नाव सगळ्यात शेवटी.

१. नियमपुस्तक उघडा

अर्धी निवड इथेच होऊन जाते. आयएसएसएफ या आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या ३०० मीटर स्पर्धांत ८ मिलिमीटरपर्यंतचं कॅलिबर, म्हणजे गोळीची जाडी, चालतं. हा प्रकार १९७२च्या म्युनिकनंतर ऑलिंपिकमध्ये नाही, पण त्याच्या जागतिक स्पर्धा होत राहिल्या. इंग्लंडमधल्या बिस्ले रेंजच्या परंपरेतल्या 'टार्गेट रायफल' प्रकारात मात्र फारसं स्वातंत्र्य नाही. आयसीएफआरए या मोठ्या बोअरच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांनुसार .३०८ विंचेस्टर, म्हणजेच ७.६२ × ५१, आणि गोळी १५६ ग्रेनपेक्षा हलकी (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप). किंवा मग .२२३ रेमिंग्टन आणि गोळी ८१ ग्रेनच्या आत. ८००, ९०० आणि १००० यार्डांवरचा पामा सामना याच चौकटीत खेळला जातो.

एफ-क्लासमध्ये रायफल टेकवून, दुर्बीण लावून मारायची असते. त्यातल्या एफ-टीआर गटातही .३०८ आणि .२२३ हीच दोन काडतुसं आहेत, फक्त गोळीच्या वजनाला बंधन नाही. एफ-ओपनमध्ये ८ मिलिमीटरच्या आत जवळपास काहीही चालतं. तेव्हा 'सगळ्यात चांगलं काडतूस कोणतं' हा प्रश्न खऱ्या अर्थाने एफ-ओपनवाल्यांना आणि ३०० मीटरवाल्यांनाच पडतो. बाकीच्यांनी .३०८ घ्यावं आणि वाचलेला वेळ सरावाला द्यावा. आपल्या परवान्यात आणि आपल्या रेंजवर ते कॅलिबर बसतं का, हेही याच पायरीवर पाहून घ्या.

२. अंतर आणि वारा

लक्ष्यापर्यंत पोचते ती फक्त गोळी, काडतुसाचं पितळी कवच (केस) तर रायफलीजवळच राहतं. म्हणून काडतुसांची तुलना करताना खरं पाहायचं ते हे, की त्यातून कोणती गोळी किती वेगाने सुटते आणि हवेत तो वेग किती टिकवते. वेग टिकवण्याच्या या गुणाला बॅलिस्टिक कोइफिशंट म्हणतात आणि बोलताना सगळे नुसतं 'बीसी' म्हणतात. लांब, निमुळत्या गोळीचा बीसी जास्त.

ताशी १६ किलोमीटरचा वारा बरोबर आडवा वाहतोय असं धरा. १००० यार्डांवर .३०८ ची १५५ ग्रेनची गोळी दोन मीटरांहून जास्त सरकते. .२८४ विंचेस्टरमधून सुटलेली ७ मिलिमीटरची १८० ग्रेनची गोळी त्याच वाऱ्यात दीड मीटरच्या आसपास सरकते. वारा वाचण्यात सगळ्यांचीच चूक होते, पण एकाला तीच चूक निशाणपत्रावरच्या एका कड्याला पडते आणि दुसऱ्याला दोन कड्यांना. एफ-ओपनमध्ये .२८४ आणि ७ मिलिमीटरची इतर काडतुसं इतकी दिसतात ती यामुळेच.

३०० मीटरवर हा फरक काही सेंटिमीटरांवर येतो. तिथे दहाचं कडं १०० मिलिमीटरचं असतं, त्यामुळे ते सेंटिमीटर अगदीच फुकट नाहीत. पण त्यांच्यासाठी खांद्यावर मोठा धक्का घेण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट ध्वनीच्या वेगाची. हा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. गोळी मंदावत त्याच्या जवळ आली की तिच्यावरचे हवेचे दाब बदलतात आणि काही गोळ्या डळमळू लागतात. सिएरा कंपनीची १६८ ग्रेनची मॅचकिंग गोळी हे याचं नावाजलेलं उदाहरण. ती ३०० मीटरच्या नेमबाजीसाठी घडवलेली गोळी, आणि तिथे ती अजूनही उत्तम चालते. तीच .३०८ मधून १००० यार्डांवर मारली की शेवटच्या टप्प्यात बिघडते. पामावाले १५५ ग्रेनची गोळी ३० इंची लांब नळीतून जमेल तितक्या वेगाने सोडतात, ते ती लक्ष्यापर्यंत ध्वनीच्या पुढेच राहावी म्हणून. तुमचं सर्वांत लांबचं अंतर कोणतं, ते कागदावर लिहा आणि तिथे पोचताना गोळीचा वेग किती उरतो, ते बॅलिस्टिक कॅल्क्युलेटरवर पाहा. ध्वनीच्या वेगाच्या सव्वापटीच्या खाली गेला तर दुसरी गोळी शोधा.

३. खांद्याला विचारा

या पायरीवर लोक स्वतःशी खोटं बोलतात. साडेसहा किलोच्या रायफलीतून .३०८ मारलं की धक्क्याची ऊर्जा साधारण १३ ज्यूल येते. त्याच रायफलीत ६ एमएम बीआर हे लहान काडतूस असेल तर पाच-सहा ज्यूल, म्हणजे निम्म्याहून कमी. दहा गोळ्यांत हा फरक जाणवतही नाही. ३०० मीटर प्रोनच्या (पालथं पडून मारायच्या) साठ गोळ्या आणि त्याआधीच्या चाचणीच्या गोळ्या धरल्या की चाळिसाव्या गोळीनंतर चाप दाबण्याआधी डोळा मिटायला लागतो. नेमबाजाला ते कळत नाही, निशाणपत्राला कळतं. ३०० मीटरवाले एकेकाळी .३०८ आणि ७.५ × ५५ स्विस वापरत. ते ६ मिलिमीटरच्या लहान काडतुसांकडे सरकले यात धक्क्याचा वाटा मोठा आहे.

माझं मत विचाराल तर शंका असेल तेव्हा एक पायरी लहान काडतूस घ्यावं. .३०० विंचेस्टर मॅग्नम आडवं पडून दिवसभर शांतपणे मारणारी माणसं असतात, पण बहुतेकांना आपण त्यांच्यातले आहोत असं उगाचच वाटत असतं.

४. नळीचा पीळ आणि गोळी जुळवा

नळीच्या आतल्या खाचा गोळीला फिरवतात. १:१३ पीळ म्हणजे १३ इंच पुढे जाताना गोळीची एक पूर्ण फेरी. गोळी जितकी लांब, तितका पीळ घट्ट लागतो. .३०८ मधल्या १५५ ग्रेनला १:१३ पुरतो. ६ बीआरमधल्या १०५ ग्रेनला १:८ लागतो. .२२३ मध्ये ८० ग्रेन मारायची असेल तरी १:८ किंवा त्याहून घट्ट. जुन्या १:१२ नळीतून ती गोळी सावरतच नाही. सावरली नाही हे कळतं कसं? कागदावरचं भोक गोल पडत नाही, कुलपाच्या चावीच्या भोकासारखं लांबट पडतं, कारण गोळी आडवी होऊन कागदात शिरलेली असते. असं एक जरी भोक दिसलं तरी ती गोळी त्या नळीसाठी बाद समजा.

नळीवर कोरलेलं नाव आणि काडतुसाच्या बुडावरचं नाव एकच आहे ना, हे प्रत्येक वेळी पाहा. .२२३ आणि लष्करी ५.५६ × ४५ दिसायला सारखी, पण .२२३ च्या चेंबरमध्ये (नळीत काडतूस बसतं त्या जागेत) ५.५६ मारल्यास दाब धोकादायक वाढू शकतो.

५. खर्च नळीच्या हिशोबात मांडा

वर्षात पन्नास वेळा रेंजवर जाऊन दर वेळी साठ गोळ्या मारल्या तर ३००० होतात. .३०८ ची नळी ढोबळमानाने ५००० गोळ्यांपर्यंत स्पर्धेच्या लायकीची राहते, म्हणजे दीड-पावणेदोन वर्षं. ६ बीआर २५०० ते ३०००. ६.५-२८४ वाऱ्यात फार सुरेख चालतं, पण बंदुकीची जास्त दारू लहान भोकातून जाळल्यामुळे नळीचा घसा, म्हणजे चेंबरच्या लगेच पुढचा भाग, हजार-दीड हजार गोळ्यांत झिजतो. वर्षाला दोन-तीन नळ्या. आकडे नेमबाजागणिक बदलतात, मात्र प्रमाण साधारण हेच राहतं.

काडतूस कारखान्यातून तयार मिळतं का, की स्वतः भरावं लागणार, हेही पाहा. .३०८, .२२३ आणि ६.५ क्रीडमूर तयार मॅच (स्पर्धेच्या) काडतुसांत सहसा सापडतात. .२८४ घेतलंत तर काडतुसं स्वतः भरायची तयारी ठेवा.

६. विकत घेण्याआधी मारून पाहा

दोन-तीन प्रकारची काडतुसं थोडी थोडी आणा. प्रत्येकाचा दहा गोळ्यांचा गट मारा, म्हणजे एकाच नेमावर दहा गोळ्या. तीन गोळ्यांचा गट योगायोगानेही सुंदर पडतो. नळी दोन गटांच्या मध्ये थंड होऊ द्या आणि क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) लावून प्रत्येक गोळीचा वेग टिपा.

लांबच्या अंतरासाठी गटाच्या रुंदीपेक्षा या वेगाच्या आकड्यांकडे जास्त पाहा. दोन गोळ्यांच्या वेगात सेकंदाला १० मीटरचा फरक असेल तर १०० मीटरवर तो दिसणारही नाही. .३०८ मध्ये १००० यार्डांवर मात्र त्याने २० सेंटिमीटरच्या आसपास वरखाली होतं. एफ-क्लासच्या अमेरिकन निशाणपत्रावर त्या अंतराला दहाचं कडं १० इंचांचं, म्हणजे २५ सेंटिमीटरचं असतं. तुमची काहीच चूक नसताना त्यातलं बहुतेक कडं काडतुसानेच खाल्लं. ज्या डब्याचे वेग सगळ्यात जवळजवळ येतील त्याचा लॉट क्रमांक (कारखान्यात एकाच खेपेत बनलेल्या मालाचा क्रमांक) लिहून घ्या आणि पूर्ण हंगामाची काडतुसं त्याच लॉटमधून उचला. पुढचा लॉट आला की हीच चाचणी पुन्हा करा.