मीटर ठेवा, चेंडू बघा

सांगलीत इलेक्ट्रिकलची पदवी घेऊन दुबईत आलो तेव्हा गोल्फ मी फक्त टीव्हीवर पाहिलं होतं, तेही चॅनेल बदलता बदलता. नोकरी मिळाली ती खेळाच्या मैदानांवर दिवे बसवणाऱ्या एका कंपनीत. रस्त्यावरच्या दिव्यांसारखंच काहीतरी काम आहे, असं आईला वर्षभर सांगत होतो. मलाही तसंच वाटत होतं. या कामात येऊ पाहणारी मुलं आता मला विचारतात, म्हणून हे लिहितोय.

दुबईत रात्रीचं गोल्फ म्हणजे नुसती चैन नव्हे. उन्हाळ्यात दुपारी पारा चाळिशीच्या वर आणि डिसेंबरात साडेपाचलाच सूर्यास्त. ऑफिस करणारा माणूस खेळणार कधी? एमिरेट्स गोल्फ क्लबच्या फाल्डो कोर्सवर, म्हणजे मैदानावर, म्हणूनच अठराच्या अठरा होल दिव्यांखाली खेळता येतात. होल म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागेपासून खड्ड्यापर्यंतचा एकेक पट्टा. व्यावसायिक महिला खेळाडूंची मूनलाइट क्लासिक स्पर्धा मे २०१९ मध्ये तिथेच झाली. नावात चांदणं आहे खरं, पण पौर्णिमेच्या चंद्राचा उजेड जेमतेम पाव लक्स (पृष्ठभागावर पडणारा उजेड मोजायचं एकक) असतो, आणि चेंडू असतो सव्वाचार सेंटिमीटरचा. आपल्याकडे गुरुग्रामच्या डीएलएफ क्लबातही रात्री गोल्फ चालतं.

माझं पहिलं डिझाइन एका ड्रायव्हिंग रेंजचं, म्हणजे लांब फटक्यांचा सराव करायच्या मैदानाचं होतं. डायलक्स या उजेडाचं गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सगळे आकडे हिरवे आले. गवतावरचा सरासरी उजेड नेमका बसलेला, कुठे डाग नाही की अंधाराचा पट्टा नाही. चाचणीच्या रात्री मी लक्समीटर घेऊन रेंजभर फिरलो आणि खूश होऊन परत आलो. मग तिथल्या प्रशिक्षकाने ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याची काठी, काढून एक फटका मारला. टक्‌ असा आवाज झाला, चेंडू वर गेला आणि गायब. तीन-चार सेकंदांनी दूर गवतावर टप्पा पडला तेव्हा पुन्हा दिसला. दुसरा तसाच, तिसराही. आमचे मल्याळी सुपरवायझर, ज्यांना सगळे चेट्टा (मोठा भाऊ) म्हणायचे, मागून शांतपणे म्हणाले, "मीटर रख दो, बॉल देखो."

चांगला फटका पंचवीस-तीस मीटर उंच जातो. माझे सगळे दिवे मात्र खाली गवताकडे तोंड करून उभे होते. कॉलेजात लक्स म्हटलं की आपण आडव्या पृष्ठभागावरचा उजेड मोजतो. इथे निम्मं काम उभ्या पृष्ठभागाचं असतं. मीटर जमिनीला समांतर न धरता उभा धरा आणि त्याचं तोंड टीकडे, म्हणजे जिथून पहिला फटका मारतात त्या जागेकडे, करा. खेळाडूला चेंडूची जी बाजू दिसते तिच्यावर किती उजेड पडतोय, ते तेव्हा कळतं.

अंतराचं गणितही हातानं करून बघा. दिव्याची एका दिशेतली तीव्रता १० लाख कँडेला (तिचं एकक) असेल, तर १०० मीटरवर १०० लक्स मिळतात आणि २०० मीटरवर फक्त २५. अंतर दुप्पट, उजेड चौथाई. त्यामुळे रेंजसाठी अरुंद झोताचे दिवे लागतात. आम्ही प्रत्येक खांबावरचे दोन दिवे वर उचलले. शिवाय रेंजमध्ये मातीचे बुटके उंचवटे करून त्यांच्याआड जमिनीलगत दिवे बसवले, त्यांची तोंडं टीपासून पलीकडे. खेळाडूला दिवा दिसत नाही, उजळलेला चेंडू तेवढा दिसतो. मला अजूनही हा सगळ्यात देखणा उपाय वाटतो.

रेंज तरी सोपी, कारण सगळे एकाच दिशेला बघतात. कोर्सवर एका होलचा दिवा शेजारच्या होलवरून उलट येणाऱ्याच्या थेट डोळ्यांत जातो. दिव्याचा झोत उभ्या रेषेपासून साधारण ७० अंशांच्या वर उचलू नका, असं आम्हाला शिकवलं होतं. म्हणजे २० मीटर उंच खांबावरून झोताचा मध्य पडणार जेमतेम ५५ मीटरवर. एखादं होल असतं चारशे मीटरचं. आता खांब मोजा, आणि त्यांना लागणारी केबलही. शेवटच्या खांबापर्यंत व्होल्टेज किती उरतं, ते कागदावर आधी बघा.

टीवर एकाच बाजूने उजेड दिला तर खेळाडूची स्वतःचीच सावली चेंडूवर पडते. दोन्ही बाजूंनी द्या, आणि डावखुऱ्यांना विसरू नका. मी विसरलो होतो.

शेजारपाजाऱ्यांचाही विचार करावा लागतो. एका व्हिलातल्या बाईंनी रात्री अकराला मला बेडरूमच्या पडद्यावर पडलेली खांबाची सावली दाखवली. त्यांचं बरोबर होतं. दिव्याला झडप लावली, झोत तीन अंश वळवला, तरी त्या भागाची मोजणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागली. वाळूची धूळ काचेवर बसून उजेड खाते, ती घट डिझाइनमध्येच धरायची असते.

शिकायचं काय? इलेक्ट्रिकलचा डिप्लोमासुद्धा पुरतो. डायलक्स फुकट मिळतं, ते घरी बसून शिका. पण त्याआधी दिव्याची फोटोमेट्रिक फाइल, म्हणजे कुठल्या दिशेला किती उजेड जातो त्याची नोंद, वाचायला शिका, नाहीतर सॉफ्टवेअर सांगेल ते खरं मानाल. उंचीची भीती असेल तर आधीच तपासा. दिव्यांचे कोन बूम लिफ्टच्या (माणसाला उंच उचलणाऱ्या यंत्राच्या) पाळण्यात उभं राहूनच लावावे लागतात, तेही अंधारात. ऑगस्टच्या दमट रात्री तिथे चष्म्यावर वाफ धरते आणि खालून चेट्टा ओरडत असतात, "थोडा लेफ्ट!" त्यांचं लेफ्ट की माझं, हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या.

मागच्या सुट्टीत गावी टेनिस बॉलच्या नाईट मॅचेस होत्या. चार बांबू, त्यांवर दिवे, सगळे पिचकडे वळवलेले. लाँगऑनला उंच कॅच गेला आणि पोराने तो सोडला. गावाने त्याला यथेच्छ शिव्या घातल्या. मी मात्र बांबूकडे बघत होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंडळाच्या पोरांना शिडी आणायला सांगितली.